निवाऱ्यातली दिवसपाळी आणि रात्रपाळी : नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

पूर, आग, भूकंप, घरातली मारहाण, भाड्याची खोली सुटणं. कारण कोणतंही असो, आपत्कालीन निवाऱ्यात आलेल्या माणसाला पहिल्या रात्री सगळ्यात जास्त गरज असते ती झोपेची. जेवण, कपडे, कागदपत्रं, पुढची सोय हे सगळं लागतंच. पण दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाशी यातलं काहीच धड बोलता येत नाही. तो साधा फॉर्म भरताना चिडतो, मुलावर हात उगारतो, स्वतःच्या गोळ्या विसरतो. म्हणून नव्याने कामाला लागणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते : पाळी दिवसाची असो की रात्रीची, आपलं सगळं काम या लोकांना रात्री निर्धास्त झोपता यावं यासाठी आहे. काय आधी करायचं आणि काय नंतर, असा प्रश्न पडला की हे आठवा. बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

पहिल्या पाळीच्या आधी

इमारत एकदा दिवसा आणि एकदा दिवे बंद करून, नुसत्या टॉर्चवर फिरून बघा. मेन स्विच कुठे आहे, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, अग्निशामक नळकांडं आणि प्रथमोपचाराची पेटी कुठे टांगली आहे, कोणतं दार आतून किल्लीशिवाय उघडतं. बाहेर पडायच्या दारासमोर गाद्यांचा ढीग किंवा सामान असेल तर तेव्हाच हलवा, नंतर कोणी हलवत नाही. जनरेटर असेल तर तो बाहेरच हवा, दारं-खिडक्यांपासून निदान 6 मीटर लांब. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळतच नाही.

मग वरिष्ठांना अधिकारांबद्दल विचारा. कोणाला प्रवेश नाकारायचा हे कोण ठरवतं? पोलीस किंवा कोणाचा नवरा दारात आला तर बोलणार कोण? औषधं कोण हाताळतं? रात्री फोन कोणाला लावायचा, आणि त्यांनी उचलला नाही तर पुढचा कोणाला? हे नंबर भिंतीवर लिहिलेले हवेत, कारण मोबाइलची बॅटरी नको त्या वेळी संपते. रात्री एकट्याने पाळी करायला सांगितलं तर नाही म्हणा. निदान दोघं जागे असल्याशिवाय निवारा चालवू नये, या मतावर मी ठाम आहे. एकजण दवाखान्यात सोबत गेला तर उरलेल्यांकडे बघणार कोण?

कपडे साधे आणि सुटसुटीत, पायात बंद बूट. ओळखपत्र गळ्यात अडकवायची दोरी ओढली की सुटणारी हवी, नाहीतर खिशाला क्लिप लावा. स्वतःचा डबा, पाण्याची बाटली आणि एक जादा स्वेटर बरोबर असू द्या. पहाटे अंगात थंडी भरते, उन्हाळ्यातसुद्धा.

जागा आणि पाणी : काही आकडे पाठ हवेत

मानवतावादी मदतीत स्फिअर नावाची किमान मानकं जगभर वापरली जातात. त्यांचं काम 1997 मध्ये सुरू झालं आणि हस्तपुस्तिकेची चौथी आवृत्ती 2018 मध्ये आली. त्यानुसार माणशी किमान 3.5 चौरस मीटर राहण्याची जागा हवी, स्वयंपाकाची आणि अंघोळीची जागा सोडून. पाणी माणशी दिवसाला किमान 15 लिटर. स्वच्छतागृह 20 माणसांमागे एक, आणि स्त्रियांसाठीची पुरुषांच्या तिप्पट. अगदी पहिल्या दिवसांत 50 माणसांमागे एक चालवून घेतात, पण ती तात्पुरती तडजोड आहे. "अजून दहाजण मावतील का?" असं कोणी फोनवर विचारलं की मनात हा हिशेब करूनच उत्तर द्या. गर्दी झाली की आधी भांडणं वाढतात आणि मागून खोकला येतो.

खाटा लावताना एकाचं डोकं शेजारच्याच्या पायांकडे येईल अशा लावा आणि मध्ये निदान एक मीटर अंतर सोडा. खोकल्याचा शिंतोडा तोंडावर येत नाही, आणि शेजारच्याचा चेहरा समोर नसला की माणूस लवकर झोपतो.

चार्ज घेणं आणि देणं

निवाऱ्यात बहुतेक गोष्टी बिघडतात त्या दोन पाळ्यांच्या सांध्यावर. जाणारा थकलेला असतो, येणारा अजून भानावर नसतो, आणि "बाकी सगळं ठीक" या तीन शब्दांत एखादी आजारी बाई नजरेतून सुटते. म्हणून दोन्ही पाळ्यांची निदान 20 मिनिटं एकमेकींवर यायला हवीत. टेबलाशी बसून चार्ज घेऊ नका. रजिस्टर हातात घेऊन दोघांनी मिळून खाटांमधून चक्कर मारायची आणि या क्रमाने बोलायचं :

1. आत्ता आत किती माणसं आहेत. मोजून, आठवून नव्हे. यादी आणि खाटा जुळल्या पाहिजेत.
2. कोण आजारी आहे, कोणाला काय दिलं, पुढचं औषध किती वाजता.
3. कोणावर लक्ष ठेवायचं आणि का. "तो जरा विचित्र आहे" हे कारण नव्हे. "दुपारपासून जेवला नाही, दोनदा म्हणाला की जगून काय करू" हे कारण.
4. कोणाचा कोणाशी खटका उडाला आहे.
5. बाहेरून कोण येऊन गेलं, कोणाची चौकशी करत होतं.
6. किल्ल्या, रोकड, टॉर्च आणि फोन, प्रत्यक्ष हातात.

नोंद लिहिताना जे पाहिलं तेवढंच लिहा, वेळेसकट. "खाट 14 ला त्रास होता" यातून सकाळच्या माणसाला काही कळत नाही. "रात्री 2.10. खाट 14. बारा वाजल्यापासून तीन वेळा पातळ जुलाब. ओआरएस दिलं, अर्धा ग्लास घेतला. लघवी झाली. 2.25 ला प्रमुखांना फोन केला" ही नोंद वाचून डॉक्टरही निर्णय घेऊ शकतात. "दारू पिऊन आला" असंही लिहू नका. "बोलणं अडखळत होतं, तोंडाला दारूचा वास येत होता" असं लिहा. अडखळतं बोलणं अर्धांगवायूचं असू शकतं, रक्तातली साखर उतरल्याचंही असू शकतं.

रजिस्टर उघडं टाकून कुठेही जाऊ नका. एखादी बाई इथे आहे ही नुसती माहितीसुद्धा तिच्या जिवावर बेतू शकते. फोनवर कोणी विचारलं, अगदी "मी तिचा भाऊ" म्हणून रडत विचारलं, तरी उत्तर एकच : इथे कोण आहे, कोण नाही हे आम्ही सांगत नाही, तुमचा निरोप आणि नंबर घेऊन ठेवतो.

दिवसपाळी : नवीन माणूस आला की

आधी बसायला जागा आणि पाणी, मग नाव. तुम्हीही बसा, उभं राहून खाली बघत विचारलं की चौकशी चौकीतली वाटते. जमेल तितकं इतरांच्या कानाआड बोला. बरोबर नवरा किंवा नातेवाईक असले तरी बाईला दोन मिनिटं एकटीला भेटा, अंघोळीची जागा दाखवायच्या निमित्ताने का होईना. "इथे कोणाची भीती वाटते का?" याचं खरं उत्तर तेव्हाच मिळतं.

पहिल्या दिवशी विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. रोजची औषधं कोणती आणि शेवटची कधी घेतली. खोकला दोन आठवड्यांहून जास्त दिवस आहे का. असेल तर मास्क, हवा खेळती राहील अशी वेगळी जागा आणि क्षयरोगाची तपासणी. खालची खाट लागते का. कोणाशेजारी झोपायला नको. दारू रोज लागते का आणि शेवटची कधी घेतली.

हा शेवटचा प्रश्न नवे लोक संकोचाने गाळतात, तसं करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत भास, भ्रम, ताप, असं जिवावरचं दुखणंही उद्भवतं. हात थरथरताहेत, दरदरून घाम आलाय, उलटी होतेय, नाडी धावतेय, तर हा माणूस प्यायलेला नाही, न प्यायल्याने आजारी पडलाय. त्याला डॉक्टरच हवा. आपली "पिऊन आलेल्याला प्रवेश नाही" ही पाटी कधीकधी अशा माणसाला रस्त्यावर मरायला सोडते, म्हणून ती लावण्याआधी संस्थेने दहा वेळा विचार करावा असं मला वाटतं.

काय घडलं, कसं घडलं, हे खोदून विचारू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराचं मार्गदर्शक काढलं, त्याचा गाभा तीन क्रियापदांत आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. माणूस आपणहून बोलला तर ऐकायचं, गप्प राहिला तर गप्प राहू द्यायचं. जोडून देणं म्हणजे हरवलेल्या नातेवाइकाचा फोन लावून देणं, चार्जर देणं, डॉक्टरपर्यंत नेणं. "सगळं ठीक होईल" असं वचन देऊ नका, ते आपल्या हातात नसतं. "आज रात्री तुम्ही इथे झोपू शकता, उद्या सकाळी नऊला आपण बोलू" हे हातात असतं. तेवढं सांगा आणि नऊला खरोखर जा.

एकटं मूल आलं तर ते कोणाच्याही ताब्यात देऊ नका, तो माणूस नाव-गाव अचूक सांगत असला तरी. बालसंरक्षण यंत्रणेला कळवा आणि मुलाला नजरेसमोर ठेवा.

औषधं शक्यतो ज्याची त्याच्याकडे, त्याच्या कुलूपबंद खणात. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या 2 ते 8 अंश तापमानात ठेवायच्या, पण फ्रीझरला चिकटून नकोत. गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं. मधुमेही माणूस जेवण चुकवून झोपला असेल तर चार्जमध्ये आवर्जून सांगा.

जुलाबाचा पहिला रोगी आला की आळस नको. दिवसात तीन किंवा अधिक पातळ जुलाब म्हणजे अतिसार धरायचा. त्याला शक्यतो वेगळं स्वच्छतागृह द्या. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, म्हणून अंदाजाने टाकू नका. असं पाणी 24 तासांनंतर ओतून द्या. उलटी-जुलाबाची जागा हातमोजे घालून आधी पुसा, मग 0.5 टक्के क्लोरीनच्या पाण्याने ओली करून दहा मिनिटं तशीच राहू द्या. हात मात्र साबणानेच धुवायचे. उलट्या-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसा चालत नाही.

सॅनिटरी पॅड कोणाला मागावे लागू नयेत, बायकांच्या बाथरूममध्येच ठेवा. आणि दिवसाही एक कोपरा अंधारा आणि शांत ठेवा. रात्री कामाला जाणारे, रात्रभर बाळ घेऊन बसलेल्या आया, यांची झोप दिवसाच होते. झाडू, मिटिंगा, पाहुणे, सगळं त्या कोपऱ्यापासून लांब.

दिवे मालवण्याआधी

रात्र कशी जाणार हे बहुधा शेवटच्या तासातच ठरतं. दिवे कधी मालवणार हे सगळ्यांना माहीत हवं आणि रोज तीच वेळ हवी. अर्धा तास आधी एक फेरी : गोळ्या घेतल्या का, पाणी उशाशी आहे का, जादा पांघरूण हवं का, सकाळी लवकर कोणाला उठवायचं आहे. दिवसाची भांडणं अंथरुणात नेऊ देऊ नका. खटका उडालेल्यांपैकी एकाची खाट आत्ताच हलवा, मध्यरात्री नाही. स्वच्छतागृहाकडे जाणारा मंद दिवा रात्रभर चालू राहू द्या. अंधारात जायची भीती वाटते म्हणून बायका संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडतात, हे लक्षात ठेवा.

आत असलेल्यांच्या यादीची एक प्रत बाहेर पडायच्या दाराजवळ लटकवा, पण बाहेरच्याला वाचता येणार नाही अशी. आग लागली तर बाहेर जमल्यावर याच यादीवरून माणसं मोजायची असतात.

रात्रपाळी

रात्री आपलं काम म्हणजे जागं राहणं आणि कोणालाही जागं न करणं. फेरी साधारण तासाला एक, पण ठरलेल्या मिनिटाला नको. वेळ ओळखीची झाली की चोरी आणि छळ त्या वेळा टाळून होतात. टॉर्चचा झोत जमिनीवर, चेहऱ्यावर कधीच नाही. पायांत वाजणारी चप्पल नको, किल्ल्या मुठीत धरा.

प्रत्येक खाटेशी दोन श्वास थांबा. पांघरूण वर-खाली होताना दिसलं पाहिजे. तोंडावरून पांघरूण घेऊन झोपणारे असतात, त्यांचं पोटाकडचं कापड बघा. नुसतं घोरणं वेगळं आणि घशात पाणी अडकल्यासारखी घरघर वेगळी. घरघर, निळसर ओठ, मिनिटाला दहाहून कमी श्वास, हाक मारून खांदा हलवला तरी ओ नाही : ही दारूची किंवा अफूच्या जातीच्या मादक द्रव्यांची बाधा असू शकते. लगेच रुग्णवाहिका बोलवा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा आणि शेजारी बसून राहा. निवाऱ्यात नॅलॉक्सोनचा (अफूच्या जातीच्या द्रव्यांची बाधा उतरवणारं औषध) स्प्रे असेल आणि तुम्हाला शिकवलेलं असेल तर तो द्या. "झोपू दे, सकाळी उतरेल" असं म्हणून पुढे जाऊ नका.

कोणाला उठवायचं असेल तर पायांकडे उभे राहा आणि हळू आवाजात नावाने हाक मारा. "काका, मी निवाऱ्यातली, सकाळच्या गाडीसाठी उठवायला आले." हात लावू नका. मारहाण सोसलेला, युद्ध पाहिलेला, रस्त्यावर झोपलेला माणूस स्पर्शाने उठला तर आधी हात उगारतो, मग डोळे उघडतो. त्यात त्याचा दोष नाही.

बूट पायात ठेवूनच झोपणारे, पिशवीची दोरी मनगटाला बांधणारे, भिंतीला पाठ लावून बसून राहणारे दिसतील. त्यांना "नीट झोपा" म्हणून सांगायला जाऊ नका. दाराकडे तोंड असलेली किंवा भिंतीकडची खाट रिकामी असेल तर ती देऊ करा. एखादी बाई दोनला उठून तुमच्या टेबलाशी येऊन बसली तर खुर्ची सरकवा आणि आपलं लिहिणं चालू ठेवा. रात्री लोकांना बोलण्यापेक्षा कोणीतरी जागं आहे हे दिसायला हवं असतं.

फिट आली तर घड्याळ बघा. आजूबाजूचं सामान बाजूला करा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांवर गेली, लागोपाठ दुसरी आली, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल तर रुग्णवाहिका.

भांडण पेटलं तर मध्ये शिरू नका. आवाज खाली आणा, नावाने बोला, दार मोकळं ठेवा आणि दोघांतल्या जास्त शांत माणसाला आधी बाहेर यायला सांगा, कारण तोच ऐकण्याची शक्यता असते. शस्त्र दिसलं की इतरांना घेऊन लांब व्हा आणि पोलिसांना फोन करा.

मरणाची भाषा कोणी केली तर सरळ विचारा : "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, जवळची औषधं आणि धारदार वस्तू काढून घ्या, प्रमुखांना त्याच वेळी उठवा.

एक रेघ मात्र कधीच ओलांडायची नाही. निवाऱ्यातल्या माणसाशी पैशाचा, वस्तूंचा, खाटेचा किंवा मेहेरबानीचा असा कोणताही व्यवहार नाही, आणि लैंगिक संबंध तर नाहीतच, समोरच्याची संमती असली तरी. किल्ल्या ज्याच्या हातात आहेत त्याला मिळालेली संमती मोकळी नसते. संयुक्त राष्ट्रांनी 2003 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना मदतीच्या बदल्यात लैंगिक संबंधांची सक्त मनाई केली, मुलांशी संबंध तर कोणत्याही सबबीवर नाही. सहकाऱ्याबद्दल शंका आली तर पुरावे गोळा करत बसू नका, त्याच दिवशी कळवा.

तीन ते पाच

शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात खाली येतं आणि लक्षही तिथेच ढेपाळतं. हा काळ इच्छाशक्तीवर सोपवू नका, कामं वाटून घ्या. तीनला फेरी, साडेतीनला प्रथमोपचार पेटी मोजणं, चारला फेरी, असं. दोघांनी आळीपाळीने 20 मिनिटं डुलकी घ्यायला परवानगी असेल तर घ्या, त्याहून लांबवली तर उठल्यावर बराच वेळ सुचत नाही. शेवटचा चहा किंवा कॉफी दोन-अडीचपर्यंत. कॅफिन रक्तातून निम्मं व्हायला पाच तासांच्या आसपास लागतात, पाचला घेतलेली कॉफी दहाला तुमची झोप उडवते.

डबल ड्यूटीला हो म्हणण्याआधी हे माहीत असू द्या : 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की सलग 17 तास जागलेल्या माणसाचा हात आणि मेंदू रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखे चालतात. अशा अवस्थेत गोळ्यांची मात्रा मोजायची नाही, घरी जाताना गाडीही चालवायची नाही.

सकाळी, आणि घरी गेल्यावर

सगळे दिवे एकदम लावून आरोळी देऊ नका, खिडकीकडून सुरुवात करा. चार्ज द्या, वर लिहिलंय त्याच क्रमाने, थकलेले असलात तरी. कोणी रात्री दगावलं असेल, मारामारी झाली असेल, तर घरी जाण्याआधी प्रमुखांशी दहा मिनिटं बोला.

घरी हलकं खाऊन लगेच आडवे व्हा. खोली अंधारी करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि घरच्यांना झोपेची वेळ लिहून द्या. सलग झोप झाली नाही तर संध्याकाळी निघण्याआधी तास-दीड तास पुन्हा झोपा. वेळापत्रक ठरवताना तुमचं मत विचारलं तर पाळ्या सकाळ, संध्याकाळ, रात्र अशा पुढे सरकणाऱ्या मागा. उलट क्रम शरीराला जास्त जड जातो. रात्रींची मालिका संपली की पुढची पाळी लागण्याआधी निदान दोन रात्री घरी झोपायला मिळाल्या पाहिजेत.

घरीही त्या खाटा डोळ्यांसमोर येत राहिल्या, झोप लागेना, लोकांचा राग यायला लागला, तर दोन आठवडे वाट बघू नका. प्रमुखांना सांगा, रात्रींऐवजी काही दिवस दिवसपाळी मागा, समुपदेशकाची वेळ घ्या. आणि पाळीवर निघण्याआधीच झोप झालेली नसेल तर तसं फोन करून कळवा, म्हणजे बदली माणूस वेळेत येऊ शकेल.